पिकअपचे मागचे पाटे सारखे तुटतात, टायर टिकत नाहीत: नवा पाटा टाकण्याआधी काय बघायचं

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. मागचा मुख्य पाटा (लीफ स्प्रिंगच्या संचातली सगळ्यात लांब पट्टी) तुटला, नवा टाकला, हंगाम संपायच्या आत त्याच बाजूचा पुन्हा तुटला. मग कुणीतरी सुचवलं म्हणून दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला. आता गाडी मागून उंच दिसते, रिकामी असली की स्पीड ब्रेकरवर उडते, पाटे कदाचित टिकतातही. पण मागच्या टायरचे खांदे झिजायला लागतात, नाहीतर बाजूच्या भिंतीला फुगा येतो. त्यानंतरचा प्रश्न ठरलेला: मोठे टायर टाकू का?

बोलेरो पिकअप असो, टाटा योद्धा असो, मागे पाटे आणि एकेरी टायर असलेल्या कुठल्याही पिकअपला पुढचं सगळं लागू आहे. माझं मत आधीच सांगतो. पाटा वाढवल्याने बिघाड जात नाही, तो पाट्यावरून टायरवर, टायरवरून रिमवर, तिथून ॲक्सलवर सरकतो. म्हणून आधी नेमकं काय तुटलं आणि का तुटलं ते शोधायचं, मग पैसे काढायचे.

तुटलेला तुकडा भंगारात टाकू नका

पाटा कुठे तुटला यावरून निम्मं निदान होतं. पाटेवाल्याकडे गाडी गेली की तो जुना तुकडा कोपऱ्यात फेकतो आणि नवा चढवतो. तो तुकडा मागून घ्या आणि उजेडात बघा.

पाटा बरोबर मध्ये, म्हणजे सगळे पाटे एकत्र ओवणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकातून तुटला असेल तर पहिला संशय यू-बोल्टवर, म्हणजे पाट्यांचा संच ॲक्सलला आवळून धरणाऱ्या बोल्टवर. यू-बोल्ट घट्ट असतात तेव्हा ॲक्सलच्या बैठकीवरचा पाट्याचा मधला भाग जखडलेला असतो, तो वाकतच नाही. भोकामुळे पाटा तिथे कमजोर असतो खरा, पण वाकत नसल्यामुळे त्या कमजोरीने काही बिघडत नाही. यू-बोल्ट ढिले झाले की तोच भाग प्रत्येक खड्ड्यात वाकायला लागतो आणि भोकाच्या कडेला चीर सुरू होते. अशा गाडीत दहा नवे पाटे टाकले तरी दहाही तिथेच तुटतील.

डोळ्याजवळ, म्हणजे पिन जाते त्या गोल वळणाजवळ तुटला असेल तर बुश (पिनेभोवतीची नळी) आणि शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी झुलती कडी) तपासा. पाट्यावर भार आला की तो सरळ होतो आणि त्याची लांबी वाढते. ती वाढ शॅकलने मागेपुढे झुलून सामावून घ्यायची असते. पिन गंजून शॅकल अडकला की पाट्याला पसरायला जागाच राहत नाही, आणि तो डोळ्याशी पिरगळतो. शॅकल हलतो का ते बघणं सोपं आहे. रिकाम्या गाडीत त्याच्या कोनावर खडूची रेघ ओढा, माल भरल्यावर पुन्हा बघा. रेघ होती तिथेच असेल तर शॅकल काम करत नाही.

डोळ्याजवळच तुटण्याचं आणखी एक कारण फारसं कुणी बघत नाही: पाट्यांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्या, म्हणजे क्लिपा. रिकामी गाडी स्पीड ब्रेकरवरून उडते तेव्हा ॲक्सल खाली लोंबकळतो आणि पाटे उलट्या दिशेने वाकतात. क्लिपा शाबूत असतील तर खालचे पाटेही मुख्य पाट्याबरोबर ओढले जातात. क्लिप तुटलेली किंवा उघडी असेल तर तो सगळा उलटा झटका एकट्या मुख्य पाट्याला बसतो. "गाडी रिकामी होती हो, तरी पाटा तुटला" असं सांगणारे खोटं बोलत नसतात.

मध्य आणि डोळा यांच्या दरम्यान तुटला असेल तर खालच्या पाट्याचं टोक वरच्या पाट्याला जिथे टेकतं तिथे खाच पडली आहे का, बोट फिरवून बघा. टोकाखालची रबरी किंवा प्लास्टिकची चकती निघून गेली की लोखंड लोखंडाला कुरतडतं, त्या खाचेत पाणी साचतं, गंज धरतो आणि चीर तिथून निघते. कोकणात आणि समुद्रालगतच्या गावांत हे जास्त दिसतं.

आता तुटलेल्या तोंडाचा रंग. थोडा भाग काळपट, गुळगुळीत, गंजलेला आणि बाकीचा चकचकीत, दाणेदार दिसला तर चीर आधीपासून होती आणि उरलेला भाग शेवटच्या खड्ड्यात गेला. काळा भाग जितका मोठा तितकी चीर जुनी. म्हणजे सर्व्हिसिंगला गाडी वर घेतली तेव्हा ती दिसायला हवी होती. जवळजवळ सगळं तोंड चकचकीत असेल तर एकाच दणक्यात तुटलं. मग भार बघायचा, नाहीतर पाट्याचं पोलाद.

यू-बोल्ट: स्वस्त वस्तू, महागडा निष्काळजीपणा

पाटे उघडले की यू-बोल्ट नवे घ्यायचे. कसल्यावर यू-बोल्ट थोडा ताणला जातो आणि त्या ताणावरच पकड अवलंबून असते. जुना बोल्ट पुन्हा कसला तर आटे आधीच ओढले गेलेले असतात. पाना जड लागतो, पण पकड येत नाही. गॅरेजात तारेच्या ब्रशने घासून, तेल लावून तेच परत चढवतात. तिथे वाचलेले पैसे पुढच्या पाट्यात जातात.

कसण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. चारही नट थोडे थोडे, आळीपाळीने, समोरासमोरच्या जोडीने आवळायचे. एका बाजूचे दोन आधी पूर्ण आवळले तर बैठक तिरकी बसते. शेवटचा ताण गाडी चाकांवर उभी असताना, टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याएवढा द्यायचा. लांब पाइप घालून लटकणं म्हणजे टॉर्क नव्हे. रबरी बुशाच्या पिनाही अशाच, गाडी चाकांवर असताना पक्क्या करायच्या. जॅकवर लोंबकळत्या ॲक्सलला पिना आवळल्या की रबर त्याच स्थितीत जखडतं आणि गाडी खाली आल्यावर कायम पिळलेलं राहतं.

मग माल भरून शंभर-दोनशे किलोमीटर गाडी चालली की पुन्हा एकदा टॉर्क रेंच लावायचा. नवे पाटे एकमेकांवर बसतात, रंग दबतो, यू-बोल्टची पकड कमी होते. या दुसऱ्या आवळणीसाठी कुणी गाडी परत आणत नाही आणि गॅरेजवालाही बोलावत नाही. भोकातून तुटलेले पाटे एवढ्या मोठ्या संख्येने दिसतात त्याचं कारण हेच आहे असं मला वाटतं.

पाटा वाढवलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट बघा. थर जाड झाला, पण यू-बोल्ट जुन्याच लांबीचे ठेवले तर नट आट्यांवर पूर्ण बसत नाही. नटाबाहेर निदान दोन-तीन आटे दिसले पाहिजेत. ते दिसत नसतील तर ती गाडी पुन्हा पाटेवाल्याकडे येणार हे धरून चाला.

काट्यावर गाडी न्या, पण एकदाच तोलून परत येऊ नका

"दीड टनच भरतो" हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारतो, मोजला कधी? वाळूच्या हिशेबात घोळ सर्रास होतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे 2.83 घनमीटर. कोरड्या वाळूचं वजन घनमीटरला साधारण 1,600 किलो धरलं तर ब्रास साडेचार टनांच्या आसपास जाते. अर्धा ब्रास सव्वादोन टन झाला, आणि वाळू ओली असेल तर त्याहून जास्त. बोलेरो पिकअपचं 1.7 टनाचं मॉडेल घेतलं तरी "अर्धाच ब्रास टाकला" म्हणजे पाचशे किलोहून जास्त जादा भार. टोमॅटोचंही तसंच. कॅरेटमागे बावीस किलो धरले आणि शंभर कॅरेट लावले तर 2,200 किलो. नारायणगावहून वाशीला निघालेल्या गाडीत कॅरेट किती आहेत ते सगळे मोजतात, किलो कुणी मोजत नाही.

आरसीवर दोन आकडे असतात: रिकामं वजन आणि भारासह कमाल वजन. त्यांतला फरक म्हणजे तुम्हाला भरता येईल तो भार. त्यात ड्रायव्हर, किन्नर, जादा लावलेली लोखंडी जाळी, मागची शिडी, पाण्याची टाकी, सगळं आलं. हौद्याला उंच पाखं लावून घेतली की त्यांचं वजन तुमच्या भाड्यातूनच वजा होतं. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे जादा भाराला 20,000 रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये. शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा.

पण पाट्यांच्या आणि टायरच्या दृष्टीने एकूण वजन पुरेसं नाही. भुईकाट्यावर तीन वेळा तोला: फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. काटेवाला जास्तीचे पैसे मागेल, द्या. मागच्या ॲक्सलवर खरोखर किती येतं हा आकडा हातात असल्याशिवाय टायर निवडणं म्हणजे अंदाजपंचे काम.

हा आकडा लोकांना चकित करतो, कारण भार हौद्यात कुठे ठेवला यावर तो ठरतो. समजा पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर तीन मीटर आहे, आणि 500 किलोची एक वस्तू मागच्या ॲक्सलच्या साठ सेंटिमीटर मागे ठेवली. तेव्हा मागच्या ॲक्सलवर 500 नव्हे, 600 किलो येतात, आणि पुढच्या ॲक्सलवरून 100 किलो उचलले जातात. स्टेअरिंग हलकं लागतं, पावसात वळणावर पुढची चाकं सरळ जाऊ पाहतात. फळीबाहेर लोंबणारे पाइप, सळया, मागच्या कडेला उभं केलेलं इंजिन किंवा पंप यांचा हाच खेळ असतो. जड माल केबिनच्या पाठीला लावून, हलका मागे, एवढ्या फरकाने काही गाड्यांचे पाटे तुटायचे थांबतात. एक रुपयाही खर्च नाही.

पाटा वाढवण्याचं गणित

सात पाट्यांच्या संचात त्याच जाडीचा, पुरेशा लांबीचा आठवा पाटा टाकला तर कडकपणा साधारण सातव्या हिश्शाने, म्हणजे 14 टक्क्यांच्या आसपास वाढतो. भार आरसीच्या आत असेल आणि वर्षानुवर्षांत पाटे बसलेले असतील, तर एवढा बदल समजण्यासारखा आहे. गोंधळ होतो तो "जाड पाटा टाकून द्या" म्हटल्यावर. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. आठ मिलिमीटरच्या जागी दहाचा घेतला तर तो एकटा पाटा जवळजवळ दुप्पट कडक. आणि संचातले सगळे पाटे एकत्रच वाकत असल्यामुळे, तेवढ्याच वाकण्याला जाड पाट्याच्या पृष्ठभागावर ताण पाऊणपट नव्हे, सव्वापट येतो. म्हणजे ताकदीसाठी टाकलेला जाड पाटाच आधी थकतो. पाटेवाला मग म्हणतो, माल हलका निघाला. माल चांगला होता, तो त्या जागेचा नव्हता.

काही नव्या गाड्यांना पॅराबोलिक पाटे असतात: दोन-तीनच, मध्ये जाड, टोकांकडे निमुळते, आणि मधल्या भागात एकमेकांना न टेकणारे. त्यांत साधा पाटा घुसवू नका. त्यांची सगळी करामत त्या मोकळ्या फटीत आहे. ती बुजवली की दोन्ही प्रकारचे तोटे पदरात पडतात.

मागून गाडी उंच झाल्यावर काय काय बिघडतं ते वेगळंच. शाफ्टचा कोन बदलतो, त्याचे सांधे म्हणजे क्रॉस लवकर जातात आणि ठरावीक वेगाला बुडाखाली थरथर येते. शॉकॲब्सॉर्बर जुन्याच लांबीचे राहिले तर गाडी उडाली की ते पूर्ण ताणले जाऊन आतून तुटतात. आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे ब्रेक. बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. गाडी मागे दबली की भार आहे असं धरून तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो, गाडी उंच असली की रिकामी समजून दाब कमी करतो. पाटे वाढवून मागचा भाग उचलला की भरलेल्या गाडीलाही तो व्हॉल्व्ह रिकामीच समजतो. मग सगळं ओझं पुढच्या ब्रेकवर. माळशेज किंवा कसारा उतरताना पुढचे ब्रेक पॅड तापल्याचा वास येत असेल आणि मागे नुकतेच पाटे वाढवले असतील, तर पॅड बदलण्याआधी त्या व्हॉल्व्हची दांडी पुस्तिकेप्रमाणे लावून घ्या.

हेल्पर पाट्याचं मात्र मी समर्थन करतो. वरचा किंवा खालचा असा जो वेगळा पाटा गाडी ठरावीक दबल्यावरच कामाला येतो, तो रिकाम्या गाडीला त्रास देत नाही. एकीकडून रिकामं, एकीकडून भरून असा धंदा असेल तर पैसे तिथे घाला. त्याच्यासोबत रबरी बफर शाबूत आहेत का तेही बघा. ते फुटून गेलेले असले की ॲक्सल थेट चॅसीवर आदळतो.

जुने पाटे भट्टीत तापवून पुन्हा कमान देऊन घेण्याबद्दल: तापवल्यावर तेलात विझवून, पुन्हा योग्य तापमानाला आणून पाणी दिलं नाही तर पोलाद मऊ राहतं. गाडी महिनाभर छान उंच दिसते, मग बसते. रस्त्याकडेच्या भट्टीत तापमान डोळ्यांनी मोजतात. थंड अवस्थेत ठोकून दिलेली कमान त्यापेक्षा बरी, पण चीर गेलेला पाटा त्यातून वाचत नाही. वेल्डिंगचं तर नावच काढू नका. बदलताना दोन्ही बाजूंचा संच एकदम बदला, नाहीतर गाडी एका कुशीवर चालते. आणि पाट्यांवर जळकं ऑइल ओतायची सवय सोडा. धूळ चिकटून त्याचा घासणारा लगदा होतो आणि बुशाचं रबर फुगतं.

टायर: आकार शेवटी, भार आधी

आता काट्यावरचा आकडा काढा. समजा मागच्या ॲक्सलवर 2,150 किलो आले. एका टायरला 1,075. टायरच्या भिंतीवर आकारानंतर जो दोन किंवा तीन आकडी अंक आणि एक अक्षर असतं, त्यातला अंक म्हणजे भारनिर्देशांक. 105 म्हणजे 925 किलो, 109 म्हणजे 1,030, 110 म्हणजे 1,060, 112 म्हणजे 1,120, 115 म्हणजे 1,215. व्यापारी टायरवर 112/110 असे दोन अंक दिसतात. पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. आपल्या पिकअपला पहिला लागू.

1,075 ला 110 चा टायर अपुरा आहे. 112 चा कागदावर पुरतो, पण घाटात वळणावर बाहेरच्या टायरवर निम्म्याहून जास्त भार येतो, आणि माल एका बाजूला सरकलेला असला तर आणखी. मी 115 च्या खाली जाणार नाही. मात्र टायर वाढवला म्हणून रिमची ताकद वाढत नाही आणि गाडीची पासिंगही वाढत नाही. रिमला भाराची आणि दाबाची आपली मर्यादा असते.

लोक "किती प्लायचा?" असं विचारतात. 8 पीआर, 10 पीआर हे आकडे आता थरांची खरी संख्या सांगत नाहीत, ताकदीचा वर्ग सांगतात. बाहेरून येणाऱ्या ऑल-टेरेन टायरवर त्याऐवजी लोड रेंज लिहिलेलं असतं: सी म्हणजे 6 प्लाय, डी म्हणजे 8, ई म्हणजे 10. आकारापुढे एलटी नसलेला, एसयूव्हीसाठीचा टायर दिसायला तितकाच रुंद आणि दणकट असतो, पण भरलेल्या पिकअपखाली तो कमी पडतो. शोरूमसारखी दिसणारी पिकअप आणि मंडईला जाणारी पिकअप यांना एकच टायर चालत नाही.

मोठा टायर टाकण्याचा हिशेबही करून बघा. 215/75 आर 15 चा बाहेरचा व्यास साधारण 703 मिलिमीटर, 235/75 आर 15 चा 733. फरक सव्वाचार टक्के. स्पीडोमीटरवर साठ दिसतात तेव्हा गाडी साडेबासष्टने चालते, आणि प्रत्येक गिअर तेवढ्याने लांब होतो. भरलेली गाडी घाट चढताना पहिल्यात उचलायला क्लच जास्त घासावा लागतो. शेतातल्या पाणंद रस्त्यावर जमिनीपासून दीड सेंटिमीटर जास्त उंची मिळते, एवढंच पदरात.

हवेचा दाब हा विषय दोन ओळींत संपायला हवा, पण संपत नाही. निर्देशांकातला भार टायर पूर्ण दाबावर असतानाच पेलतो. दाब कमी असला की भिंत जास्त वाकते, तापते, आतले दोर सुटतात. फुगा मात्र बहुतेक वेळा दाबामुळे येत नाही, खड्ड्याच्या कडेला आपटून आतले दोर तुटल्यामुळे येतो. फुगा आलेला टायर मागे तर सोडाच, पुढेही लावू नये. दाब सकाळी, गाडी थंड असताना तपासा. चालून तापल्यावर दाब वाढतो, ते स्वाभाविक आहे. तेव्हा हवा सोडू नका. भरून जायचं आणि रिकामं यायचं असेल तर भरलेल्या गाडीचाच दाब ठेवा आणि परतताना पावसात हळू या. उलटं, रिकाम्या दाबावर माल भरणं हा टायर फोडण्याचा सगळ्यात सोपा मार्ग.

झीज कशी झाली तेही बोलतं. दोन्ही खांदे गेले तर दाब कमी किंवा भार जास्त. मधला पट्टा गेला तर रिकाम्या गाडीला दाब जास्त. ठिकठिकाणी ठिपक्यांसारखी झीज दिसली तर शॉकअप संपलेत. पाटे कडक केलेल्या रिकाम्या गाडीत हे हमखास दिसतं, कारण चाक रस्त्यावर टेकण्याऐवजी टपटप उडत राहतं.

मागच्या एकाच टायरची एकच कड जात असेल तर अलाइनमेंट करून काही होत नाही. मागे सरळ ॲक्सल आहे, तिथे लावायला काही नसतं. मापपट्टी घ्या. सपाट जागेवर, स्टेअरिंग सरळ ठेवून, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. एका बाजूला ठळक फरक आला तर सेंटर बोल्ट कापला गेलाय आणि ॲक्सल त्या बाजूला मागे किंवा पुढे सरकलाय. अशी गाडी मागून येणाऱ्याला तिरकी चालताना दिसते. अंतर सारखं निघालं तर ॲक्सलची हाउसिंग वाकली आहे का ते बघावं लागेल. वर्षानुवर्षं जादा भाराने ती मध्ये खाली बसते आणि दोन्ही चाकांचे वरचे भाग आत झुकतात. तिथवर गोष्ट गेली असेल तर पाटे आणि टायर हा प्रश्न उरलेला नाही.

एकाच ॲक्सलवर नायलॉन (तिरप्या दोरांचा) आणि रेडियल टायर एकत्र लावू नका, आणि पुढे रेडियल, मागे नायलॉन असंही नको. ओल्या वळणावर मागचा भाग आधी सुटतो. ट्यूबचा टायर असेल तर नव्या टायरात जुनी ट्यूब घालू नका. ती ताणून मोठी झालेली असते, आत घडी पडते आणि घडीवर फाटते. रिमोल्ड, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवी नक्षी चढवलेला टायर हलक्या, जवळच्या फेऱ्यांना चालेल, पण पुढे कधीच नाही. घेताना भिंतीवरचे चार अंक वाचा: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. कायद्याने नक्षी 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही; भरलेल्या गाडीला पावसाळ्यात मी त्याच्या दुप्पट उरली की टायर काढतो.

हौसेची गाडी असेल तर

इसुझू व्ही-क्रॉससारख्या गाडीला कॅम्पिंगचं सामान, विंच, छतावरचा तंबू चढवायचा असेल तर ऑस्ट्रेलियन कंपन्यांचे तयार पाटे मिळतात. ते नेहमीच्या भारावर विकले जातात: कायम 300 किलो असणाऱ्यासाठी वेगळे, त्याहून जास्त असणाऱ्यासाठी वेगळे. "कधीतरी लागेल" म्हणून जडवाले घेतले तर रोजच्या रिकाम्या वापरात पाठ दुखते आणि टायर ठिपक्यांनी झिजतात. रोज जेवढं वजन असतं तेवढ्याचेच घ्या. क्वचितच्या जादा वजनाला हवेच्या पिशव्या बसवता येतात. पिशव्यांनी गाडी सपाट दिसते, भार सहन करायची ताकद वाढत नाही, एवढं लक्षात असू द्या. दोन इंचांहून जास्त उचलणार असाल तर शाफ्टचा कोन, ब्रेकची नळी आणि आरटीओ यांचा विचार आधीच केलेला बरा.

स्टेपनी तपासल्याशिवाय यातलं काही पूर्ण होत नाही. हौद्याखाली लटकलेला तो टायर बहुधा जुना, कमी भारनिर्देशांकाचा आणि अर्ध्या हवेचा असतो. चारही टायर बदलल्यावर स्टेपनी जुन्याच आकाराची राहिली, तर ती मागे लावल्यावर दोन चाकांचे व्यास वेगळे होतात आणि डिफरन्शियल (वळणावर मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे गिअर) सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहून तापतं. अशी स्टेपनी लावायची वेळ आलीच तर ती पुढच्या चाकाला लावा, पुढचं मागे घ्या, माल निम्मा उतरवा आणि पहिल्या पंक्चरवाल्यापाशी थांबा.